साबण कोणता लावता?

जळगावात नोकरी लागली तेव्हा मला कळलं की सरकार पगार देतं, खोली देत नाही. साल सत्त्याऐंशी असेल. एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून मी चिकटलो होतो आणि रोज संध्याकाळी खोली शोधत फिरत होतो. पंधरा दिवसांत निदान वीस घरमालकांच्या ओसरीवर बसून मी तोंडी परीक्षा दिली असेल. पेपर सगळीकडे एकच. आडनाव काय, गाव कोणतं, गावात घर कुठल्या गल्लीत, मामाचं आडनाव काय. चौथ्या उत्तरापर्यंत त्यांना हवं ते कळलेलं असायचं. त्यात मी पास व्हायचो. आमचं गिरणाकाठचं शेतकऱ्याचं घर, भडगावपासून दोन कोसांवर गाव, त्यामुळे तिथं मला कोणी अडवलं नाही. नापास व्हायचो ते पाचव्या प्रश्नाला. लग्न झालंय का? नाही म्हटलं की घरमालकाला एकदम आपल्या वयात आलेल्या मुली आठवायच्या आणि माझा चहा अर्धा असतानाच ते निरोप द्यायला उभे राहायचे.

शेवटी कोणीतरी गावाच्या टोकाचं एक घर दाखवलं. तिथून पुढे केळीची शेतं सुरू व्हायची. दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. खाकी हाफ पँट, बंडी, आणि नाक दोघांना पुरेल एवढं. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं तर त्याने हातानेच थांबवलं.

"साबण कोणता लावता?"

नाव आठवेना, मी वडीचा रंग सांगितला. म्हातारा पुढे आला, माझी मान वाकवली आणि खरबूज विकत घेताना हुंगतात तसं माझ्या कानामागे हुंगलं.

"डोक्यालाही तोच लावता. केस कधीपासून गळताहेत?"

केस गळत होते हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, सहा महिने झाले.

"खोली आहे," म्हातारा म्हणाला. "अट एकच. या घरात दुकानचा साबण येणार नाही. अंगाला नाही, कपड्याला नाही, भांड्याला नाही. जमत असेल तर सामान आणा."

हे नाना. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, मीही नानाच म्हणेन. लोक जात विचारून खोली देत होते, हा माणूस साबण विचारून देत होता. मला तेव्हा ती निव्वळ गंमत वाटली होती.

घरातलं सगळं सांडपाणी एका पाटाने परसात जायचं आणि तिथं नानांची दोन लिंबं, कढीपत्ता, अळू आणि एक शेवगा उभा होता. न्हाणीत कोण काय वापरतं याची बातमी त्यांना झाडं देतात, असं ते म्हणायचे. माझ्या आधीच्या भाडेकरूला त्यांनी अळूच्या साक्षीवरून घराबाहेर काढलं होतं. अळूची पानं पिवळी पडली, नानांनी त्याच्या खोलीची झडती घेतली आणि उशीच्या अभ्र्यात गुलाबी वडी सापडली. तो बिचारा म्हणत होता की अळूला कीड लागली असेल. नाना म्हणाले, कीड लागली होती, ती आज खोली सोडतेय.

दुकानचा नाही तर मग कोणता, तर नानांचा. केळीचा घड उतरवला की उरलेलं खोड शेतकरी तोडून बांधावर फेकून देतात. नाना ती खोडं सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणायचे आणि गच्चीवर वाळत घालायचे. जळगावच्या एप्रिलमध्ये माणूस वाळतो, तिथं केळीच्या खोडाची काय कथा. मग ती अर्ध्या पिंपात जाळायची. शेजारच्या बायका नेमक्या त्याच दिवशी कुरडया घालायच्या, किंवा त्या कुरडया घालायच्या त्याच दिवशी नाना पिंप पेटवायचे, हा वाद मी तिथं असेपर्यंत मिटला नाही. राख बुडाशी भोक असलेल्या माठात भरायची, वरून पाणी सोडायचं, खाली थेंबथेंब जे गळतं त्यात चुना कालवायचा, निवळू द्यायचं. हे झालं खारं पाणी. ते पुरेसं कडक झालं की नाही हे बघायला नाना त्याचा एक थेंब जिभेच्या शेंड्यावर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि "अजून कच्चं" किंवा "आता लागू पडलं" असा निकाल द्यायचे. त्यांच्या बायकोचं, म्हणजे अक्काचं म्हणणं असं की त्या जिभेला आता कातडीच उरलेली नाही, म्हणून भाजीत मीठ नाही घातलं तरी चालतं.

मग मोहाच्या बियांचं तेल, थोडं कडुनिंबाचं, आणि हे खारं पाणी, असं सगळं कढईत सहा तास ढवळायचं. ढवळायला रेल्वेच्या झेंडीची काठी. नाना चाळीसगावला मालगुदामात बाबू होते आणि रिटायर होताना त्यांनी रेल्वेकडून एवढी एकच गोष्ट आणली होती. तयार व्हायचा तो साबण कधी घट्ट होत नसे. राखेचा साबण मऊच राहतो, तोच त्याचा धर्म, असं नाना सांगायचे. दिसायला तो कसा होता हे मी सांगणार नाही. गोठ्यात गेलेल्या कोणालाही ते कळेल. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत तो भरलेला असायचा आणि हाताने काढून घ्यायचा. केसांना शिकेकाई, कपड्यांना रिठा, भांड्यांना उरलेली राख. एका आठवड्यात माझ्या शर्टांचा रंग असा झाला की साहेबांनी मला विचारलं, घरी काही वाईट घडलंय का.

अंघोळ कशी करायची हेही नानांनी मला गच्चीवर उभं करून, कपड्यांसकट शिकवलं. शेवटच्या तांब्याआधी बादलीत रोशाच्या तेलाचा एक थेंब टाकायचा. रोशा म्हणजे डोंगरउतारावर उगवणारं उंच गवत. धुळ्याच्या पलीकडे त्याच्या भट्ट्या लागायच्या आणि दरवर्षी दिवाळीनंतर नाना एसटीने जाऊन दोन बाटल्या घेऊन यायचे. त्या तेलाला गुलाबासारखा वास येतो, पण गुलाबाने थोडं गवत चघळलं असावं असा. अत्तरवाले गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला हेच तेल वापरतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, उलटं आहे, भेसळ गुलाबाची आहे. एकदा मला कचेरीत एका मुलीसमोर जरा बरं दिसायचं होतं म्हणून मी थेंबाऐवजी चमचाभर तेल थेट अंगाला चोळलं. दुपारपर्यंत छाती लाल झाली आणि माझ्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्या रिकाम्या झाल्या. हेडक्लार्क म्हणाले, लग्न आहे की मयत, ते एकदा नक्की सांगा. ती मुलगी तर वारा कुठून येतोय हे बघून बसायची जागा बदलायची. नानांनी माझी छाती बघितली आणि एवढंच म्हणाले, "एक म्हणजे एक. गार्डने एकदाच शिट्टी मारायची असते."

हा नाद त्यांना गुदामात लागला असं ते सगळ्यांना सांगायचे. चाळीसगावच्या गुदामात तेव्हा मिरची, कांदा, कातडी, सुकी मासळी असं सगळं एकाच पत्र्याखाली असायचं. उन्हाळ्यात आत गेलेला माणूस बाहेर येऊन आधी वांती करायचा. अशात धुळ्याकडून आलेलं रोशाच्या तेलाचं एक पिंप गळायला लागलं. आणि नाना म्हणायचे, "एका तासात मासळीचा वास गेला, कातड्याचा गेला. हमाल आत येऊन उगाच उभे राहायला लागले. काम नाही, धाम नाही, नुसते उभे. मी म्हटलं, ही चीज काय आहे ते बघायलाच पाहिजे." त्या गळतीचा खुलासा त्यांनी वरच्या साहेबाला चार पानी लिहून पाठवला होता आणि त्यात तीन पानं वासाचं वर्णन होतं. त्यांची पुढची बढती तिथंच थांबली असं अक्का सांगायची.

नाक त्यांचं खरोखरच भयंकर होतं. मालावरचं लेबल वाचू नका, नाक लावा, हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा माझा जेवणाचा डबा विसरला म्हणून ते कचेरीत द्यायला आले. आमचे साहेब नेमके दारात उभे. नानांनी नमस्कार केला, एक श्वास आत घेतला आणि अगदी आदराने म्हणाले, "साहेब, तुम्ही सकाळी एक साबण लावता आणि संध्याकाळी दुसरा. दोन साबण अंगाला चालत नाहीत. कोणता तरी एक ठेवा." साहेबांचा चेहरा पडला. साहेबांची संध्याकाळची अंघोळ कुठं होते यावर पुढे आठवडाभर कचेरीत दुसरं काम झालं नाही. पुढच्या सोमवारी मला जुन्या फायलींच्या खोलीत बसवण्यात आलं, तिथं खिडकी नव्हती.

अक्का ठेंगणी, ठसठशीत आणि पूर्ण अहिराणी. नाना रेल्वेत राहून पुस्तकी मराठी बोलायचे, अक्काने तसला नाद कधी केला नाही. "लगीन मनासंगे करं अन संसार राखना संगे करी राह्यनात," म्हणजे लग्न माझ्याशी आणि संसार राखेशी, असं ती त्यांच्यासमोरच म्हणायची. तीस वर्षं नवऱ्याचा साबण वापरून ती विटली होती आणि महिन्यातून एक गुलाबी वडी चोरून आणत होती. हे मला कळलं ते एका रविवारी. तिने ती वडी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी लपवली होती. आम्ही जेवायला बसलो, अक्काने वरण वाढलं, नानांनी पहिला घास घेतला आणि घास तसाच तोंडात धरून बसले. मग गिळला.

"आज वरणात कोण न्हालं?"

"मुकाट्यानं खा," अक्का म्हणाली. "जलमभर राख खावाडी, एक दिन गुलाब खा."

नानांनी मुकाट्याने खाल्लं. भाडेकरूला अळूवरून हाकलणारा माणूस बायकोच्या वडीबद्दल पुढे एक अक्षर बोलला नाही. फक्त लिंबाच्या झाडांना ते दोन दिवस जास्त पाणी घालत होते. मला दोघंही फार आवडायची. घरापासून लांब राहणाऱ्या पोराला जसं घर लागतं तसं ते घर होतं, आणि म्हणूनच पुढं मी जे केलं ते सांगायला जड जातं.

त्या घराच्या पुढच्या खोलीत, दारातून आत येताच समोर दिसेल असा, बुद्धाचा मोठा फोटो होता. नाना आणि अक्का बौद्ध. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. काही वाटलं नव्हतं तर मग घरी पत्र लिहिताना "मालक रेल्वेतून रिटायर झालेले, सज्जन, आपल्यातलेच आहेत" हे शेवटचे दोन शब्द मी का लिहिले? आमच्या घरी बौद्धवाड्यातला माणूस कामाला यायचा तेव्हा त्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा. वडील त्याबाबतीत कडक. मी जळगावात त्याच लोकांच्या ताटात जेवतो हे कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेताना काय काय करायला लावलं असतं कोण जाणे. नोकरी माझी होती, पण घरचा उंबरा त्यांचा होता.

दुसऱ्या वर्षी आईचे हात बिघडले. दोन्ही तळहातांना भेगा, बोटांतून रक्त यायचं, भाकरी थापता येईना. भडगावच्या डॉक्टरने जळगावच्या डॉक्टरकडे पाठवलं. वडिलांचं पत्र आलं: आईला गुरुवारी गाडीत बसवतो, चार दिवस तुझ्याकडे ठेव.

मी बुधवारी सकाळी नानांकडे गेलो. ते माठात राख भरत होते. मी आधी आईच्या हातांचं सांगितलं, मग वडिलांच्या स्वभावाचं, मग गावाचं, मग आणखी काहीबाही. नाना राख दाबत ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, चार दिवस पुढच्या खोलीतला फोटो आत ठेवता आला तर बरं होईल.

मला वाटलं होतं ते भडकतील. खोली खाली करा म्हणतील. साबणाच्या वडीवरून लोकांचं सामान रस्त्यावर ठेवणारा माणूस तो. त्यांनी हात धुतले, पुढच्या खोलीत गेले, स्टुलावर चढले आणि फोटो काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "आई हात कशाने धुतात?"

मी म्हटलं, धुण्याच्या सोड्याने.

"मग या चार दिवसांत माझा साबण. एवढं सांग त्यांना." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं.

आई आली. नानांनी दारातच तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं. गुरांच्या अंगालासुद्धा सोडा लावत नाहीत, म्हणाले. माझ्या आईला असं कोणी बोललं की ती त्याची भाची होते. तासाभरात ती अक्कासोबत परसात रिठे फोडत बसली होती आणि दोघींची अहिराणी पावसाच्या पाटासारखी वाहत होती. डॉक्टरने मलम दिलं, नानांनी साबण दिला, कोमट पाण्यात रोशाचा एक थेंब टाकून सकाळ-संध्याकाळ हात बुडवून बसायला लावलं. चौथ्या दिवशी भेगा मिटायला लागल्या. मलम आणि साबण, दोघांनीही श्रेय घेतलं.

मी मात्र ते चार दिवस जीव मुठीत धरून काढले. अक्काच्या तोंडून काही निसटेल म्हणून मी कचेरीतून दुपारीच घरी यायचो. शेजारीण "जय भीम" म्हणत दारात आली तर मी खोकायला लागायचो. नाना माझ्यापेक्षाही सावध. आईसमोर ते गुदाम आणि साबण यांच्याबाहेर एक शब्द बोलायचे नाहीत. आम्ही दोन बाप्ये एका चौकोनी रिकाम्या भिंतीची राखण करत होतो. आई अक्काच्या हातचं जेवली, तिच्या तांब्यातून पाणी प्याली, आणि प्रत्येक घासाला मी माझ्या ताटाकडे बघत होतो.

निघताना आई नानांच्या पाया पडली. म्हणाली, "नाना, अक्काले संगे लई या आमना गावले. हात बरा व्हयनात का मी तुमले भाकर करी खावाडसू."

"येऊ की," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता ते मला दिसलं नाही, त्यांना दिसलं.

स्टँडवर गाडीला वेळ होता. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "तो फोटो काबर काढाले लाया तू?"

मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागलो.

"भिंतवर चौकोन दिखना माले. बठ्ठी भिंत धुरनी काळी, अन तेवढाच चौकोन पांढरा. मी पहिल्याच दिवशी अक्काले इचारं, तिनी सांगी टाकं. तू अन नाना नाटक करी राह्यनात अन आम्ही दोन्ही जनी परसमा हासत व्हतूत."

मग हसू थांबवून तिने अक्काने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला सांगितली. नाना शाळेत जायचे तेव्हा मास्तर त्यांना रोज दारातून परत पाठवायचे, अंघोळ करून ये, वास येतो. ते नदीवर जाऊन पुन्हा अंघोळ करून यायचे, ओल्या केसांनी दारात उभे राहायचे, मास्तर पुन्हा परत पाठवायचे. गुदामातलं पिंप गळायच्या आधी तीस वर्षं हा माणूस त्या वासाचा शोध घेत होता.

"मंग तुले काही वाटनं नही तठे जेवाले?" मी विचारलं.

"पहिला घास जड गया. दुसरा नही गया," आई म्हणाली. गाडी लागली. चढता चढता ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पन तुना बापले सांगू नको."

घरी आलो आणि आधी फोटो लावला. खिळा तसाच होता. नाना खाली उभे राहून बघत होते, म्हणाले, डावीकडे जरा उचल. मी उचलला. माफी मागायचे शब्द मी स्टँडपासून जुळवत आलो होतो, ते स्टुलावरच राहिले. आईला सगळं माहीत होतं हेही मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना अक्काने सांगितलं असणार.

दोन महिन्यांनी मी गावी गेलो तर न्हाणीच्या कोनाड्यात वनस्पती तुपाचा डबा. त्यावर नानांच्या गुदामी अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: माल साबण, जाणार अमक्याच्या घरी, वर ठेवू नये, ऊन लागू देऊ नये. वडील अंघोळ करून बाहेर आले, डोक्याला पंचा गुंडाळत, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात त्यांनी ती दोनदा मारली असेल.

"साबण चांगला धाडा तू. खाज गयी मनी."

मी आईकडे बघितलं. ती चुलीकडे बघत होती. मागाहून तिने सांगितलं. मंगळवारी दुपारच्या गाडीने एक उंच म्हातारा स्टँडवर उतरला, चहाच्या टपरीवर डबा दिला, आमचं आडनाव सांगून, त्यांच्या पोराने जळगावहून आईसाठी पाठवलाय असं म्हणाला, आणि त्याच गाडीने परत फिरला. स्टँडपासून आमचं घर दिसतं. मधे फक्त विहीर आणि एक शेत.

जळगावला परतल्यावर मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. नाना गच्चीवर खोडं उलटवत होते. मी म्हणालो, नाना, तीन तास एसटीत बसून गेलात आणि घरी गेला नाहीत? आईने बोलावलं होतं ना?

नानांनी हातातलं खोड उलटवलं, मग पुढचं उलटवलं. आवाजात राग नव्हता. काटा बघून वजन विचारावं तसं त्यांनी विचारलं, "माझ्या घरात तू मला फोटो काढायला लावलास. तुझ्या घरी गेलो असतो तर काय काढायला लावलं असतंस?"

मला लाज वाटली. ती लाज मी आजवर कोणाला बोलून दाखवली नव्हती, इथं लिहितो आहे. त्या क्षणी म्हणायला हवं होतं की उद्याच चला, मी नेतो, वडिलांसमोर बसवतो, आपल्या घरच्या कपात चहा देतो. मी म्हणालो, खोडं अजून ओली आहेत. नाना म्हणाले, हो, दोन उन्हं लागतील.

मी त्या घरात आणखी तीन वर्षं राहिलो, मग धुळ्याला बदली झाली. दर दोन महिन्यांनी नाना आमच्या गावच्या स्टँडवर डबा पोचवत राहिले, मी धुळ्याला गेल्यावरही. दर वेळी टपरीवर तेच सांगायचे, पोराने पाठवलाय. वडील त्याने अंघोळ करायचे, पाहुण्यांना हातावर घेऊन दाखवायचे, गावात कोणाला खरूज झाली तर वाटीत काढून द्यायचे. ते वारले तोपर्यंत आमच्या घरात त्याला "आमना पोऱ्याना साबण" म्हणायचे, आणि मी समोर बसून ते ऐकून घ्यायचो.